दोष कोणाचा यापेक्षा जबाबदारी कोणाची? तरुणांचे मानसिक आजार आणि विनयाची परंपरा

वस्तीतला एखादा पोरगा कॉलेजला जायचा बंद होतो. दिवसभर अंथरुणात पडून राहतो, रात्रभर जागा असतो, आंघोळ सोडतो, स्वतःशीच बोलतो, शेजारी आपल्यावर पाळत ठेवतात असे म्हणतो. अशा वेळी आपल्या लोकांत पहिला प्रश्न विचारला जातो तो दोष कोणाचा हा. आईने लाडावला, बापाच्या दारूने बिघडला, पोरीच्या नादाला लागला, मोबाईलने वाया गेला, नाहीतर कोणी करणी केली. या चर्चेत वर्ष जाते, दोन वर्षे जातात. त्याला बरे करण्याची जबाबदारी कोणाची, हा दुसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही. आईबाप दोषाच्या भीतीने तोंड लपवतात आणि बाकीचे दोष आपला नाही म्हणून मोकळे होतात.

मित्रांनो, या लेखात मला एकच गोष्ट मांडायची आहे. दोष आणि जबाबदारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल मानसिक आजारी पडले यात आईबापाचा दोष असेलच असे नाही, पण त्याच्या उपचाराची पहिली जबाबदारी त्यांची आहे. आणि जिथे आईबापाची ताकद संपते तिथे ती जबाबदारी संपत नाही, ती समाजाकडे आणि सरकारकडे जाते. हा विचार परदेशी पुस्तकातून उसना आणण्याची गरज नाही. तो आपल्याच विनयपिटकात लिहिलेला आहे. मधल्या काळात आपल्याला तो विसरायला लावला गेला, आणि आज आपण स्वतःहूनही विसरत आहोत.

संघाने आखलेली साखळी

महावग्गातला एक प्रसंग अनेकांनी धम्मदेशनेत ऐकला असेल. एका भिक्खूला अतिसार झाला होता आणि तो आपल्याच मलमूत्रात पडून होता. तथागत आनंदाला सोबत घेऊन विहारात फिरत असताना त्यांनी त्याला पाहिले. विचारपूस केल्यावर कळले, की त्याच्या सेवेला कोणीच येत नाही, कारण तो स्वतः इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नव्हता. तथागतांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर निजवले. मग संघाला बोलावून त्यांनी समजावले, की घर सोडून आलेल्या तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी.

आपल्या प्रवचनांतून ही गोष्ट बहुधा इथेच थांबते आणि करुणेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. पण विनयात यापुढे नियम आहे, आणि माझ्या मते खरे महत्त्व त्या नियमाला आहे. आजारी भिक्खूला उपाध्याय असेल तर त्याने तो बरा होईपर्यंत सेवा करावी. उपाध्याय नसेल तर आचार्याने करावी. तो नसेल तर शिष्याने, सोबत राहणाऱ्याने. यांपैकी कोणीच नसेल तर संघाने करावी. जो करणार नाही त्याला दुक्कट, म्हणजे नियमभंगाचा दोष लागतो. दया आली तर करा, असे इथे म्हटलेले नाही. जबाबदारीची एक साखळी आखून दिली आहे, तिचे शेवटचे टोक समाजाच्या हातात दिले आहे आणि टाळाटाळ करणाऱ्याला दोषी ठरवले आहे.

हे शरीराच्या आजाराबद्दल झाले. मनाच्या आजाराचे काय? अंगुत्तर निकायात तथागत दोन प्रकारचे आजार सांगतात, शरीराचे आणि मनाचे. शरीराने वर्षानुवर्षे निरोगी राहिलेली माणसे सापडतात, पण ज्यांचे आसव क्षीण झाले आहेत ते सोडले, तर मनाने क्षणभरही पूर्ण निरोगी असलेला माणूस सापडणे कठीण, असे ते म्हणतात. म्हणजे वेडे एका बाजूला आणि शहाणे दुसऱ्या बाजूला, अशी भिंत तिथे नाही.

यापुढची हकिकत गग्ग नावाच्या भिक्खूची आहे. हे नाव प्रत्येक आंबेडकरी कार्यकर्त्याला माहीत असायला हवे. संघाच्या कामासाठी सगळे भिक्खू जमले असताना कोणीतरी सांगितले, की गग्ग आलेला नाही, त्याला वेड लागले आहे. आता संघाचा नियम असा, की सगळे हजर असल्याशिवाय उपोसथ होत नाही. मग काय करायचे? गग्गाला ओढत आणायचे की संघातून काढून टाकायचे? तथागतांनी दोन्ही केले नाही. ज्याला कधी उपोसथाची आठवण राहते आणि कधी राहत नाही, जो कधी येतो आणि कधी येत नाही, अशा भिक्खूसाठी संघाने रीतसर ठराव करावा, असे त्यांनी सांगितले. तो आला तरी काम होईल, नाही आला तरी होईल. त्याची जागा त्याची राहील. संघही अडणार नाही आणि आजाऱ्यावरही जबरदस्ती होणार नाही.

चुल्लवग्गात याच गग्गाची पुढची गोष्ट येते. तो बरा झाला. आजारपणात त्याने भिक्खूला न शोभणाऱ्या बऱ्याच गोष्टी केल्या होत्या. आता इतर भिक्खू त्याच्या मागे लागले, की तू असे वागलास ते आठवते का? तो सांगत होता, की मी तेव्हा भानावर नव्हतो, मला काही आठवत नाही. तरी ते सोडेनात. तेव्हा तथागतांनी 'अमूळ्हविनय' घालून दिला. आता भानावर आलेल्या माणसाला भान हरपलेल्या काळातल्या वागण्याबद्दल संघाने रीतसर ठराव करून मोकळे करायचे आणि त्यावरून पुन्हा टोचायचे नाही. सोंग घेणाऱ्याला किंवा आठवत असूनही नाही म्हणणाऱ्याला ही सवलत नाही, हेही तिथे स्पष्ट केले आहे. विनयाच्या नियमांमागोमाग हे कलम वारंवार येते, की उन्मत्त, चित्त विखुरलेला, वेदनेने ग्रासलेला माणूस या नियमाने दोषी ठरत नाही.

बुद्धाने मनोरोगावरचे औषध शोधले, असा दावा मी करत नाही. त्या काळाच्या मर्यादाही होत्या. अपस्मारासह काही रोग असलेल्यांना नव्याने प्रव्रज्या देऊ नये, असाही नियम विनयात आहे. पण जो आपल्यात आहे तो आजारी पडला तर तो दोषी नाही, त्याचे बघणे आपले काम आहे, आणि बरा होऊन आल्यावर त्याला जागा मिळाली पाहिजे, ही तीन सूत्रे इतकी स्पष्ट इतक्या जुन्या काळात मांडलेली आहेत. आजच्या आपल्या वस्तीला ही तीन सूत्रे लावून बघा. तिन्हींत आपण नापास होतो.

नवसाला सोडलेली मुले

मधल्या काळात काय झाले? ज्या समाजाला वैद्याच्या ओट्यावर पाय ठेवता येत नव्हता, त्याच्या आजारी मुलाला देवाशिवाय कोण उरले होते? लेकरू आजारी पडले की मरीआईला, यल्लमाला, खंडोबाला नवस बोलला जायचा आणि मुलगा पोतराज म्हणून, मुलगी जोगतीण किंवा मुरळी म्हणून सोडली जायची. मुलीच्या केसांत जट आली तर देवीचे बोलावणे आले, असे ठरायचे. कोणाच्या अंगात यायचे, कोणाला बाहेरचे व्हायचे. आजाराला नाव नव्हते, उपचार नव्हता, होते ते फक्त कर्मकांड. आणि त्याची किंमत ते मूल जन्मभर मोजायचे.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. 16 जून 1936 रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये पोतराज, जोगतिणी, मुरळ्या, देवदासी यांच्यापुढे ते बोलले आणि हे जिणे सोडा, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या पापाचे फळ या जन्मी भोगावे लागते ही कल्पना त्यांनी नाकारली. मानसिक आजारी मुलाच्या आईला याचा अर्थ फार मोठा आहे. तुझ्या लेकराचे दुखणे हे कोणत्याही जन्मीच्या पापाची शिक्षा नाही, असे हा धम्म तिला सांगतो.

तरीही 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात घेतलेल्या बावीस प्रतिज्ञा घराच्या भिंतीवर लावणारी माणसे पोराच्या डोक्यावर परिणाम झाला की गुपचूप देवऋषीकडे जातात, गाणगापूरला नेतात, मीरा दातारला नेतात, गंडा बांधतात, उतारा टाकतात. मी त्यांची थट्टा करत नाही. दवाखाना लांब, डॉक्टर बोलत नाही आणि भगत घरी येऊन तासभर ऐकून घेतो, हे मी कामात रोज पाहते. पण भूत उतरवायच्या नावाखाली साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी या कायद्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. 20 ऑगस्ट 2013 ला त्यांचा खून झाला, त्यानंतर आठवडाभराच्या आत सरकारने वटहुकूम काढला. इतकी किंमत देऊन आलेला कायदा आपल्या वस्तीत माहीत नसेल तर ती कार्यकर्त्यांची चूक आहे.

कुलपाचा इतिहास

आता सरकारकडे वळू. इंग्रजांनी 1858 मध्ये वेड्यांसाठीचे कायदे केले, 1912 मध्ये इंडियन लुनसी ॲक्ट आणला. या कायद्यांची नजर पोलिसांची होती. रस्त्यावर भटकणाऱ्याला पकडावे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे, आत टाकावे. बरे करण्यापेक्षा बाकीच्यांना त्रास होऊ नये हा हेतू मोठा. नागपूर, रत्नागिरी, ठाणे आणि येरवडा ही महाराष्ट्राची चारही जुनी मनोरुग्णालये त्याच काळातली आहेत. त्यांत मराठवाड्यातले एकही नाही. नांदेड किंवा बीडच्या मजुराला आजारी पोरगा घेऊन कुठे जायचे होते, याचे उत्तर या नकाशातच आहे.

1946 साली भोर समितीचा अहवाल आला. त्यात नोंद आहे, की भारतात साधारण 40 हजार लोकसंख्येमागे मनोरुग्णालयाची एक खाट होती, तर इंग्लंडमध्ये साधारण 300 माणसांमागे एक. स्वातंत्र्यानंतरही 1912 चाच कायदा चालू राहिला. त्याची जागा घेणारा 1987 चा कायदा प्रत्यक्ष लागू व्हायला 1993 उजाडले. त्याच वर्षी मुंबईच्या पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, की कोणताही गुन्हा न केलेल्या मानसिक आजारी माणसाला तुरुंगात ठेवणे बेकायदेशीर आहे. प्रजासत्ताक होऊन 43 वर्षे झाल्यावरही हे न्यायालयाला सांगावे लागले!

6 ऑगस्ट 2001 ला तमिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका खाजगी आश्रमाच्या झोपडीला आग लागली. आतले मनोरुग्ण साखळ्यांनी बांधलेले होते. त्यांना पळता आले नाही. 28 माणसे गेली. त्यांना तिथे कोणी आणून सोडले होते? बहुतेकांना घरच्यांनीच. पण त्या घरच्यांना दुसरा कोणता रस्ता शासनाने आणि समाजाने दिला होता? दोषाचा प्रश्न विचारला तर चर्चा कुटुंबापाशी थांबते. जबाबदारीचा विचारला तर ती तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत, जिल्ह्याच्या बजेटपर्यंत जाते. म्हणून राज्यकर्त्यांना नेहमी पहिलाच प्रश्न सोयीचा वाटतो.

आईवर ठेवलेला ठपका

दोष शोधण्याचा हा रोग फक्त अडाणी लोकांना होता असे समजू नका. 1948 मध्ये अमेरिकेतल्या फ्रीडा फ्रॉम-राईशमन या मानसोपचारतज्ज्ञांनी मुलाला स्किझोफ्रेनिया होण्यामागे आईचे वागणे असते, अशी कल्पना मांडली आणि ती पुढे काही दशके चालली. लाखो आयांनी अपराधाचे ओझे वाहिले. पुढे संशोधनात ती टिकली नाही. आनुवंशिकता, मेंदूतले बदल, लहानपणीचे आघात, नशा, गरिबी, अपमान अशी अनेक कारणे एकत्र येतात, हे आज मान्य आहे.

त्याच सुमारास आपल्याकडे उलटा प्रयोग झाला. 1950 च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबू ठोकून सोबत राहायला लावले. घरच्यांनी उपचार जवळून पाहिले, आजार समजून घेतला, भीती गेली आणि ते आपल्या माणसाला परत घेऊन गेले. पुढे वेल्लोरमध्येही कुटुंबासह उपचाराची व्यवस्था उभी राहिली. कुटुंबाला आरोपी न करता सोबती केले की काय घडते, याचे हे उदाहरण आपल्याच देशातले आहे.

म्हणून आईबापांना माझे सांगणे आहे. तुम्ही गुन्हेगार नाही, पण तुम्हाला सुट्टीही नाही. बहुतेक मानसिक आजारांची सुरुवात तरुणपणी, बऱ्याचदा पंधरा वर्षांच्या आतच होते. म्हणजे ते पहिल्यांदा तुमच्याच डोळ्यांपुढे सुरू होतात. झोप, भूक, अभ्यास, आंघोळ, मित्र यांत दोन आठवड्यांहून जास्त टिकणारा बदल दिसला, मूल सतत खचलेले दिसले, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाले किंवा जगायची इच्छा नाही असे बोलले, तर सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात न्या. मरणाची गोष्ट बोलणाऱ्या मुलाला नाटक करतो म्हणू नका, एकटे सोडू नका, सरळ विचारा आणि ऐकून घ्या. सुरू झालेल्या गोळ्या बरे वाटले म्हणून मनाने बंद करू नका. मारू नका, कोंडू नका.

आणि लग्न लावून देऊ नका. लग्न केले की सुधारेल, या एका वाक्याने किती पोरींचे वाटोळे झाले आहे! त्यात आजारी मुलगाही बरा होत नाही आणि दुसऱ्याच्या घरची मुलगी बळी जाते. 20 जुलै 1942 ला नागपूरच्या दलित महिला परिषदेत बाबासाहेबांनी आयांना काय सांगितले होते ते आठवा. मुलांच्या लग्नाची घाई करू नका, त्यांना शिकवा, त्यांच्या मनातला न्यूनगंड काढून टाका, त्यांच्यात महत्त्वाकांक्षा जागवा. मुलांच्या मनाची निगा हे आईबापाचे काम आहे, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले आहे.

आपल्या चळवळीचा हिशोब

इथे आपल्या कार्यकर्त्यांत दोन टोके आहेत. एक टोक म्हणते, की हा सगळा जातीचा परिणाम आहे, गोळ्या खाऊन काय होणार, लढा. दुसरे टोक, जे विद्यापीठांना आणि सरकारला आवडते, ते म्हणते की मुलगा मनाने कमकुवत होता, अभ्यासाचा ताण झेपला नाही, त्यात जातीचा काय संबंध?

दुसऱ्या टोकाशी आपली लढाई जुनी आहे. 17 जानेवारी 2016 ला रोहित वेमुला गेला. विद्यापीठाने त्याला आणि त्याच्या साथींना वसतिगृहातून बाहेर काढले होते. 22 मे 2019 ला मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीय छळ केल्याचा आरोप आहे. 12 फेब्रुवारी 2023 ला आयआयटी मुंबईत दर्शन सोळंकी गेला. कुटुंबाने जातीय भेदभावाचा आरोप केला, संस्थेच्या समितीने तो नाकारून अभ्यासातल्या पिछाडीकडे बोट दाखवले. राधिका वेमुला आणि आबेदा तडवी या दोन आया 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या उच्च शिक्षणातल्या भेदभावाला रोखणारे नियम खरेच लागू करा, अशी मागणी घेऊन. आपल्या लेकरांना मनोरुग्ण ठरवून संस्था सुटत असेल तर आपण ते मान्य करणार नाही. माणूस खचला यात त्याला खचवणाऱ्याची जबाबदारी मोजलीच पाहिजे.

पण पहिले टोकही तितकेच घातक आहे. अपमानाने पडलेली जखम ही खरी जखम असते. तिचे नैराश्यात रूपांतर झाले की झोप, भूक, विचार सगळे बदलते. तेव्हा त्या मुलाला मोर्चाही हवा आणि डॉक्टरही हवा. लाठीमारात डोके फुटले तर आपण लाठीचा निषेध करतो आणि टाकेही घालतो. निषेध करायचा आहे म्हणून जखम उघडी ठेवत नाही. मग मनाच्या बाबतीत हे का विसरतो? वाघाची लेकरे रडत नाहीत, भीमसैनिकाला डिप्रेशन येत नाही, असल्या वाक्यांनी आपण आपल्याच पोरांची तोंडे बंद करतो. 1926 मध्ये राजरत्न गेला तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या मित्राला लिहिलेल्या पत्रात या धक्क्यातून सावरल्याचे सोंग केले नाही. ज्याला बाबासाहेबांनी सोंग म्हटले, ते करायला आपण विशीतल्या पोरांना का लावतो?

आकडे पाहिले तर हा प्रश्न चार-दोन घरांचा नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या अहवालानुसार त्या एका वर्षात देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि संख्येत महाराष्ट्र पहिला होता. निम्हान्सने 12 राज्यांत केलेल्या 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात आढळले, की आजारानुसार 70 ते 92 टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत.

कायदा हातात आहे

2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 2018 पासून लागू आहे. आपल्या किती कार्यकर्त्यांनी तो वाचला आहे? त्याचे कलम 18 परवडणारी, चांगली, जवळ उपलब्ध असलेली मानसिक आरोग्य सेवा मिळण्याचा हक्क देते, आणि जातीच्या आधारे त्यात भेदभाव चालणार नाही असे शब्दांत लिहिते. दारिद्र्यरेषेखालच्या आणि बेघर रुग्णाला उपचार मोफत आहेत. जिल्ह्यात सरकारची किमान सेवा नसेल तर त्या जिल्ह्यातल्या इतर ठिकाणी घेतलेल्या उपचाराचा खर्च सरकारने द्यायचा आहे. कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला बंदी आहे. घरच्यांनी नाकारले एवढ्यासाठी कोणाला रुग्णालयात डांबून ठेवता येत नाही. आणि कोणाची जात, धर्म, आर्थिक स्थिती किंवा रूढ नीतिनियम न पाळणे यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येत नाही.

आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखाली होता असे हा कायदा धरून चालतो आणि त्याच्या पुनर्वसनाची जबाबदारी सरकारवर टाकतो. अमूळ्हविनयाची आठवण होते ना? 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. दीर्घ आजार असलेल्याला प्रमाणपत्र काढून देता येते आणि त्यावर संजय गांधी निराधार योजनेसारख्या योजनांसाठी अर्ज करता येतो. ऑक्टोबर 2022 पासून टेलिमानस ही 14416 क्रमांकाची मोफत सरकारी हेल्पलाइन चोवीस तास चालू आहे. मार्च 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. कागदावर बरेच आहे. ते वस्तीपर्यंत ओढून आणणारे हात नाहीत, आणि ते हात आपले असायला हवेत.

विहाराने काय करावे

विनयातली साखळी आजच्या भाषेत मांडली तर ती अशी होते. पहिली कडी आईबाप. दुसरी शिक्षक, वसतिगृह, मित्र. तिसरी विहार, मंडळ, संघटना. शेवटची शासन. एका कडीने हात वर केले की पुढचीने धरायचे.

विहाराची कडी मजबूत करायला मोठा निधी लागत नाही. प्रत्येक विहाराने दोन माणसे नेमावीत, एक बाई आणि एक पुरुष, ज्यांचे काम एवढेच, की आजारी मुलाच्या आईसोबत सिव्हिलच्या ओपीडीला जायचे, केसपेपर काढायचा, डॉक्टरचे म्हणणे समजून घ्यायचे, पुढची तारीख लक्षात ठेवायची. रोजंदारीवरच्या आईचा त्या दिवसाचा रोज बुडतो, तो जयंतीच्या वर्गणीतून द्यावा. डीजेच्या एका रात्रीच्या भाड्यात किती आयांचे रोज भागतील, याचा हिशोब मंडळांनी एकदा करावा. पौर्णिमेच्या कार्यक्रमात गग्गाची गोष्ट सांगावी. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ कोणत्या दिवशी येतो, गोळ्या शिल्लक आहेत का, हे माहितीच्या अधिकारात विचारावे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम 1996 पासून देशात आहे, तो आपल्या जिल्ह्यात कुठे आहे ते शोधावे.

आणि उपचार घेऊन परत आलेल्या मुलाला 'येड्या' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावे. त्याला अभ्यासिकेत जागा द्यावी, सभेत खुर्ची द्यावी, मंडळाच्या यादीत त्याचे नाव ठेवावे. एखाद्या दिवशी तो येईल, एखाद्या दिवशी येणार नाही. तो नाही आला म्हणून काम अडू द्यायचे नाही आणि त्याचे नावही खोडायचे नाही. संघाने गग्गासाठी हाच ठराव केला होता. तो ठराव प्रत्येक विहारात पुन्हा एकदा मंजूर व्हावा, एवढीच माझी मागणी आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!